सात पायऱ्यांची सुटका

"चार बोटांची भिंत असते गं, पण अंगठ्यापाशी दार असतं. तिकडूनच निसट." लहानपणी मनगट घट्ट धरून आत्या असं म्हणायची. आमच्या कार्यालयात जावक नोंदवणाऱ्या बाईंच्या कानात त्यांच्या आत्याचा तो आवाज अजून घुमत होता. आत्याकडे मात्र प्रमाणपत्र नव्हतं.

पुढे कार्यालयात स्वसंरक्षण प्रशिक्षण सक्तीचं झालं. त्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष अर्थातच साहेब. हेच साहेब रोज जावक वही तपासताना बाईंच्या खांद्यावर हात ठेवत. पान उलटलं तरी हात तिथंच. बाई अंग चोरून बसत आणि आम्ही बावीस जण आपापल्या फायलींत कमालीचे गढून जात असू.

पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, की खांद्यावरचा हात कसा सोडवायचा. प्रशिक्षकांनी पुस्तिका चाळली. अभ्यासक्रमात फक्त उजवं मनगट होतं. त्याची सुटका सात पायऱ्यांत: पाय जुळवणे, श्वास घेणे, हल्लेखोराकडे आदराने पाहणे वगैरे. सुटणे ही सातवी. यामागचं तत्त्व काय, असं बाईंनी विचारलं, तर म्हणाले, तत्त्व पुढच्या वर्षी. आधी पाठांतर होऊ द्या.

परीक्षेत हल्लेखोराचं काम साहेबांनी स्वतःकडे घेतलं. त्या पदाला योग्य असा दुसरा अधिकारी नव्हता. त्यांनी चुकून बाईंचं डावं मनगट धरलं. बाईंनी अंगठ्याच्या बाजूला हात वळवला आणि पापणी लवायच्या आत मोकळ्या झाल्या. प्रशिक्षक हळहळले.

"सुटलात ते दिसतंय हो, बाई. पण सहा पायऱ्या गाळल्यात. असं कसं चालेल?"

शेरा पडला: 'सुटका झाली, परंतु नियमानुसार नाही.' बाई नापास. आम्ही सगळे पहिल्या श्रेणीत. आमच्या वेळी साहेब सातवी पायरी येईपर्यंत शांतपणे थांबले होते.

समारोपाला फोटोसाठी ओळीत उभे राहिलो. फोटोवाला म्हणाला, जरा जवळ या. साहेबांचा हात सवयीनं बाईंच्या खांद्यावर गेला.

"साहेब, हात काढा," बाई म्हणाल्या. आवाज जराही चढला नव्हता. "आठ वर्षं नको वाटतोय मला."

हात निघाला. साहेब पुटपुटले, मग आधी सांगायचं ना. आम्हीही माना डोलावल्या. खरंच, बाईंनी आधी बोलायला हवं होतं.

बाई आमच्याकडे वळल्या.

"मी आज तरी बोलले. तुम्हाला तर आठ वर्षं दिसत होतं."