जावईबापूंची तब्येत

गोडंबी घातलेला डिंकाचा लाडू ज्याने खाल्ला नाही, त्याने थंडी नुसती सोसली, खाल्ली नाही, असं माझं मत आहे. त्या वर्षी तो लाडू आमच्या घरात व्हायचा होता, आणि त्यात आपणही हातभार लावावा असं माझ्या मनात आलं. (माझ्या मनात काही आलं की आमची मनकर्णा आधी फुटण्यासारख्या वस्तू फळीवर ठेवते.)

मी तेव्हा जिंतूरच्या तहसील कचेरीत अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकूनच, पण शेरवानी आणि रुमी टोपीतला. माझी शेरवानी माझ्या अंगावर असण्यापेक्षा खुंटीवर जास्त भरलेली दिसे. सासूबाईंना, म्हणजे ताडकळसच्या पार्वतीबाईंना, लांबचं दिसत नसे आणि जवळचं त्या अंदाजानं बघत. तरी जावई वाळलाय हे दिवाळीत त्यांच्याही ध्यानात आलं.

"मनकर्णे," त्या लेकीला म्हणाल्या, "जावईबापूंला जेवू घालतीस, का नुसतं ताट दाखवतीस?"

मार्गशीर्ष लागला आणि तूप, डिंक, खारीक घेऊन त्या स्वतः लाडू करायला निघाल्याचा निरोप आला. राहता राहिली गोडंबी.

गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या पोटातला गर. त्याच्यापुढे बदामाने मान खाली घालावी. पण बिब्ब्याच्या कवचात काळं, जहाल तेल असतं. अंगाला लागलं की बिब्बा उततो आणि माणूस सुजतो. बाजारातली गोडंबी खवट निघाली, आणि आम्हाला दर साल ताजी फोडून देणाऱ्या बायनाबाई लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या.

"मीच फोडतो," मी म्हणालो.

"तुमी?" मनकर्णा म्हणाली. "सुपारीच्या जागी बोट कातरणारे तुमी?"

"तहसीलदारांच्या तोंडाला तोंड देतो मी. बिब्ब्याचं काय घेऊन बसलीस?"

"बरं, फोडा. पर हाताला गोडंतेल चोळा, वर राख लावा, आन काय बी झालं तरी तोंडाला हात लावू नका."

शुक्रवारी कचेरीला सुट्टी असे. अंगणात दगड मांडून बसलो. पहिला बिब्बा निसटून शेजाऱ्यांच्या कौलावर गेला. दुसरा मात्र नीट फुटला आणि आतून पांढरीशुभ्र गोडंबी निघाली. तो आनंद काय सांगू! मी मिशीला पीळ दिला. (पराक्रमाच्या वेळी हात मिशीकडे जातो, तोंडाकडे नाही, अशी माझी समजूत.) मग नाक खाजलं, ते खाजवलं. घाम आला, तो पुसला. दुपारपर्यंत वाटीभर गोडंबी झाली आणि संध्याकाळपर्यंत मला काहीही झालं नाही.

"बघितलंस?" मी म्हणालो. "सरकारी माणसाला बिब्बासुद्धा वचकून असतो."

सकाळी जाग आली, पण डोळे उघडेनात. चाचपडत बाहेर आलो तर मनकर्णा किंचाळली, "आगं बाई! कोण हाय?" मग माझं फाटकं धोतर तिने ओळखलं. आरशात मी मला शोधलं. तिथे एक तांबडं डांगर होतं, आणि त्याला मिशा होत्या.

"लोक दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालतेत," तीळ आणि लोणी वाटून माझ्या तोंडाला थापताना मनकर्णा म्हणाली, "तुमी सोताच्या तोंडात घातला."

त्या दिवशी परभणीहून मोठे साहेब तपासणीला यायचे होते. घरी राहणं शक्य नव्हतं. लोणी पुसलं आणि डोक्यावर रुमी टोपी कशीबशी तोलत कचेरी गाठली. चपराशी राधाकिशन, जो एरवी मला बघून स्टुलावरचा पायही हलवत नसे, ताडकन उठला आणि जमिनीपर्यंत वाकला.

"सलाम, हुजूर!"

आतून आमचे वरिष्ठ, पेशकारसाहेब, धावत आले. गडबडीत त्यांनी मला स्वतःची खुर्ची दिली. मी म्हणणार होतो, "साहेब, मी दिनकरराव." सुजलेल्या ओठांतून आलं, "फाहेव, मी फिनकरलाव."

पेशकारसाहेबांनी खुर्ची परत घेतली. "या अल्लाह! दिनकरराव, असली साहब आने से पहले घर जाओ."

घरी आलो तर दारात सासूबाई! सगळं सांगायला मनकर्णेने तोंड उघडलं, तसे मी हात जोडले. बायकांच्या वरताण बिब्बे फोडायला निघालो होतो, हे सासूला कोणत्या तोंडाने सांगायचं? असलेलं तोंड तर असं!

सासूबाई जवळ आल्या, डोळे बारीक केले आणि माझे दोन्ही गाल चाचपले. मला भर दुपारी तारे दिसले.

"आगं मनकर्णे, जावईबापू लय भरले की! अन तेज बी कसं आलंय!"

"व्हय आई," मनकर्णा पदराआडून म्हणाली. "भरले जरा. एका दिसातच."

सासूबाईंनी लाडू केले. तुपात डिंक फुलत होता, माझी गोडंबी खमंग भाजली जात होती, आणि मी आतल्या खोलीत लोणी थापून जमेल तेवढा वास ओढून घेत होतो. लाडवांचा डबा भरल्यावर सासूबाईंनी निकाल दिला.

"लाडू उष्ण असतेत. जावईबापू आधीच लालबुंद. ह्यांला ताक-कण्या द्यायच्या. तुझा भाऊ व्यंकटराव वाळून काडी झालाय, त्याला नेते हे."

"फाफूवाई, नको!" मी कळवळून ओरडलो.

"बघ, जावईबापू बी नको म्हणायलेत," असं म्हणत त्यांनी डब्याला फडकं बांधलं.

सूज उतरली. ताक-कण्यांवर राहून आधीचं होतं तेही उतरलं. पौषात सासुरवाडीचं हुरड्याचं बोलावणं आलं. पूर्णा टेसनावर उतरून सटवाजीची गाडी भाड्याने केली. सटवाजी म्हणजे गोल चेहऱ्याचा, चांगला भरदार गाडीवान. दारात गाडी थांबली. मनकर्णा आधीच मागच्या दाराने वहिनीकडे पळाली. मी पेटी उतरवत होतो तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या आणि त्यांनी डोळे बारीक केले.

"या, या जावईबापू! तब्येत टिकून हाय बघा!" असं म्हणत त्यांनी सटवाजीला ओसरीवर बसवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आन तू काय बघायलास रं? पेटी ठिव आत, बैलं सोड."

मी तोंड उघडणार, तोच त्यांनी आतून डबा आणून सटवाजीच्या हातावर लाडू ठेवला. "घ्या. एवढाच राहिला होता. आता थोडं उष्ण खाल्लं तर चालतंय."

सटवाजीने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा लाडवाकडे. मग अख्खा लाडू तोंडात टाकला.

मी बैलं सोडली. कडबा टाकत होतो तेव्हा ओसरीवरून त्याचा भरल्या तोंडाचा आवाज आला.

"गोडंबी लय ताजी हाय वं, आत्याबाई! कुण्या बाईनं फोडली?"