बारा जनावरांची नाणी आणि राणीसाहेबांची बोटे

श्री. विघ्नहर्त्याचे पायी मस्तक ठेवून, आणि ज्या देवास वाहन म्हणून उंदीर चालतो तो नाण्यावरील उंदरासही दूर लोटणार नाही ऐसा भरवसा धरून, सेवक लिहितो. लिहिण्याची आज्ञा कोणी केली नाही. परंतु हकीकत ज्या दोघांची, ते आपण होऊन सांगणार नाहीत, सबब लिहिणे प्राप्त जाहले.

शके एकोणीसशे तेहेतीस, खरनाम संवत्सरी, एका शहरात एक राज्य होते. नाव लिहीत नाही. मुलूख तिसऱ्या मजल्यावर, दालने तीन, सज्जा एक. राजे मोरेश्वरराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन गादीवर बसलेले, राणीसाहेब कुमुदिनीबाई, आणि प्रजा म्हणावी तर खालच्या मजल्यावरील हा सेवक, तोही चहापुरता. त्या साली राजियांचे मनात मनसुबा उठला की, चीनकडील लोक वर्षांस जनावरांची नावे देतात, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, बकरा, माकड, कोंबडा, कुत्रा, डुक्कर, उंदीर, बैल आणि वाघ, आणि देशोदेशींच्या टांकसाळी त्या त्या साली त्या जनावराचे चांदीचे नाणे पाडितात, तर दर साल निराळ्या देशाचे एक, ऐसी बारा वर्षांत बारा आणावी आणि संच पुरा करावा. मग खलिते सुटले, आणि तीन महिन्यांनी पूर्वेकडील एका मुलखातून पहिले नाणे डाकेने दाखल जाहले. वर्ष सशाचे होते. नाण्यावर जनावर अंगाचे वेटोळे करून निजलेले, पोटाभोवती काही नक्षी. राजियांनी यादीत लिहिले, "ससा, निजलेला, भोवती वेल," आणि नाणे कपाटात कुलूपबंद केले.

या छंदाचे कायदे फार कडक. नाणे प्लास्टिकच्या गोल डबीत येते, ती डबी उघडू नये. उघडलीच तर हातमोजे घालावे आणि कडेने धरावे, कारण बोटाचा घाम चांदीवर डाग धरितो. नाण्यावर बोलू नये, तुषार उडतात. राजे तर श्वास रोखून भिंग लावीत आणि ओरखडा आहे की काय एवढेच पाहत. जनावराकडे त्यांचे लक्ष कधी गेले असेल, ऐसे सेवकास वाटत नाही. राणीसाहेब दाराशी येऊन विचारीत, "अहो, दाखवा की मला एकदा. कशी आहेत ती?" तो राजे भिंग खाली ठेवून म्हणत, "बारा पुरी होऊ देत. मग सगळी एकदम मांडतो. अर्धवट संच बघण्यात काय मजा?" आणि राणीसाहेब "बरं" म्हणून आत जात. हे दर साल होत असे, घोड्याचे साली जाहले, माकडाचे साली जाहले.

मग कुत्र्याचे साली राणीसाहेबांची नजर दोन्ही बाजूंनी उणी होऊ लागली. चालता चालता चौकटीस खांदा लागे, ताटातली कोशिंबीर दिसत नसे. राजवैद्यांनी तपासून काचबिंदू सांगितला, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखावी म्हणाले. डोळ्यांत औषधाचे थेंब राजे स्वहस्ते घालीत, घड्याळ लावून, चार वर्षांत एक वेळ चुकली नाही, हे लिहिले पाहिजे. परंतु थेंब घालून उठावे आणि पाच पावलांवरचे कपाट उघडावे, हे मात्र सुचले नाही. सेवकासही सुचले नाही. त्याचे आजही वाईट वाटते.

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरी, वाघ आला आणि संच पुरा जाहला. नाणेसंग्राहकांच्या मंडळाचे प्रमुख नानासाहेब पेंडसे यांनी हात न लागलेल्या संचांचे प्रदर्शन आठ दिवसांवर मांडिले होते, त्यात पहिला मान राजियांचा ठरला. त्या दुपारी राजियांनी खिडकीशी मेज लावविले, काळी मखमल अंथरली, बारा डब्या मांडिल्या आणि राणीसाहेबांस हात धरून आणविले. सेवक शिऱ्याची बशी घेऊन साक्षीस हजर होता. राणीसाहेब मेजावर वाकल्या, मान इकडे केली, तिकडे केली, आणि बहुत वेळाने बोलल्या, "मला नुसतं चकचकतंय हो."

मग राणीसाहेब हळूच म्हणाल्या, "हातात द्याल का? आत्ताच धुतलेत हात."

राजे उठून सज्ज्यात गेले. बारा वर्षांचा संच, आठ दिवसांवर मान, आणि एकदा बोट लागले की तो संच त्या प्रदर्शनातून बाद. इतका वेळ उभे राहिले की सेवकाचा शिरा थंड जाहला. मग आत आले, हातमोजे घातले, पुन्हा काढून ठेविले, आणि पहिली डबी नखाने उघडून नाणे राणीसाहेबांचे तळहातावर ठेविले.

राणीसाहेबांनी अंगठा फिरविला, मग तर्जनी, आणि हसल्या. "अहो, ससा नाही हा. मांजर आहे."

"यादीत ससा आहे, कुमुद. भोवती वेल आहे."

"यादीत असेल. माझ्या बोटाखाली शेपूट आहे. पोटाला गुंडाळून घेतलीय गुलामानं."

राजियांनी भिंग लाविले, आणि बारा वर्षांत प्रथमच ओरखडा सोडून जनावर पाहिले. शेपूटच होती. (त्या मुलखात सशाचे जागी मांजराचे वर्ष मानितात, ऐसे मागाहून कळले.) मग राजे खुर्ची ओढून राणीसाहेबांचे शेजारी बसले, नाण्यांवर बोलू नये हा कायदा विसरले आणि म्हणाले, "पुढचं सांग." आणि मग डब्या उघडत गेल्या, आणि राणीसाहेब सांगत गेल्या, की घोड्याचा एक पाय वर आहे, आणि बकऱ्याची दाढी तुमच्या अण्णांसारखी आहे, आणि डुकरिणीजवळ पिल्ले आहेत, थांबा, तीन, नाही, चार. चौथे पिल्लू राजियांच्या यादीत नव्हते. राजे रडत होते आणि ते आवाजात येऊ देत नव्हते.

प्रदर्शनास संच गेला नाही. तेव्हा नानासाहेब स्वतः चौकशीस आले, भिंग लावून बाराही नाणी पाहिली आणि कपाळास हात लाविला. म्हणाले, "अरेरे, मोरेश्वरराव, सगळ्यांवर डाग पडलेत. कुणी केलं हे?"

राजे म्हणाले, "डाग नाहीत ते, नानासाहेब. आमच्या मंडळींनी बघितलीत."

येणेप्रमाणे हकीकत जाहली. संच बारा वर्षांत पुरा जाहला, आणि मानास मुकला. हल्ली कपाटास कुलूप नाही. अक्षर वेडेवाकडे आहे, सांभाळून घ्यावे.