निशिकांतरावांचे गुप्त प्रश्न

निशिकांत बर्वे यांच्या बँकखात्यात एका रविवारी कुणीतरी एकोणीस वेळा शिरलं. त्यानं पैसे काढले नाहीत, कुठे पाठवलेही नाहीत. आत जायचं, शिल्लक बघायची आणि बाहेर यायचं, एवढंच एकोणीस वेळा केलं. बँकेच्या संगणकाला हे लक्षण काही बरं वाटलं नाही. घर फोडण्याआधी चोर दोन-चार वेळा गल्लीतून चक्कर मारून जातो, तसलाच हा प्रकार असणार असं त्याला वाटलं असावं.

आता हा चोर म्हणजे खुद्द निशिकांतराव होते, हे त्या बिचाऱ्या संगणकाला कोण सांगणार?

निशिकांतराव सिंगापूरला तुआसच्या एका कारखान्यात पंपांचे इंजिनिअर. पंप बिघडला तर नुसत्या आवाजावरून काय झालंय ते सांगतील, पण घरातलं विजेचं बिल कसं भरतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. क्लेमेंटीच्या फ्लॅटमधली बिलं, विमे, पासवर्ड हे सगळं खातं बायकोचं, अनघाचं. सहा वर्षांपूर्वी तिनंच त्यांचं इंटरनेट बँकिंग सुरू करून दिलं आणि त्याला मोबाइल नंबर जोडला तो स्वतःचा.

"अहो, कारखान्यात तुमचा फोन दिवसभर लॉकरमध्ये असतो," ती म्हणाली होती. "बँकेचा कोड आला तर तो काय लॉकर वाचणार आहे?"

"तू बघ ते," निशिकांतराव म्हणाले होते. सव्वीस वर्षांच्या संसारात हे वाक्य ते रोज निदान एकदा तरी म्हणत.

जानेवारीत अनघा गेली. अकरा दिवसांचं आजारपण, त्यातले आठ दिवस तर 'साधा ताप आहे' म्हणण्यातच गेले. मुलगी प्रणिता मेलबर्नहून आली, महिनाभर राहिली आणि परत जाताना म्हणाली, "बाबा, आईचा फोन बंद करून टाका आता." निशिकांतराव "हो" म्हणाले आणि त्यांनी तो स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी, नेहमीच्या जागी, चार्जिंगला लावून ठेवला.

फेब्रुवारीत विजेचं बिल आलं. अनघाच्या डायरीतून पासवर्ड शोधून निशिकांतरावांनी बाहेरच्या खोलीत बसून बँकेचं पान उघडलं, आणि आत स्वयंपाकघरात टिंग झालं. भांड्यावर चमचा वाजल्यासारखा आवाज. ते "आलो" म्हणत उठलेसुद्धा. आत जाऊन पाहतात तो फोन उजळलेला, पडद्यावर अनघाचा उन्हानं डोळे बारीक केलेला फोटो आणि त्यावर सहा आकडी कोड. मग फोन विझला. निशिकांतराव तिथेच ओट्याला टेकून उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी बाहेर जाऊन पुन्हा पासवर्ड टाकला.

दिवसातून दोनदा, मग पाचदा. आणि एका रविवारी, जेव्हा घर अगदीच खायला उठलं तेव्हा, एकोणीस वेळा.

सोमवारी संध्याकाळी अनघाचा फोन चक्क वाजला. निशिकांतरावांनी हातातला कप खाली ठेवून तो उचलला. फोनवर एक बाई इंग्रजीत बोलत होती. "बँकेतून बोलतेय. मिस्टर बर्वे आहेत का?"

आता इथे शैलेंद्रचा संबंध येतो. शैलेंद्र हा वरच्या मजल्यावरचा पुणेकर, आयटीतला. गणेशोत्सवात त्यानं आरतीनंतर पाऊण तास ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान दिलं होतं आणि तेवढा वेळ प्रसाद अडवून धरला होता. त्याचं सांगणं एकच होतं, बँकेतून फोन आला की समजायचं, तो बँकेतून नाही.

"बर्वे नाहीत," निशिकांतराव ठामपणे म्हणाले.

"मग आपण कोण?"

"सांगणार नाही."

"हा नंबर कुणाचा आहे, सर?"

"माझा नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि लगेच शैलेंद्रला कळवलं. "शाबास काका!" शैलेंद्र म्हणाला. "चोरांना असंच वाटेला लावायचं."

मंगळवारी सकाळी खातं बंद. पडद्यावर लाल अक्षरांत सूचना होती की तुमची ओळख चोरीला गेल्याचा संशय आहे, शाखेत येऊन भेटा. निशिकांतरावांना पैशाची फिकीर नव्हती. डब्यात दोन आठवडे पुरतील एवढ्या नोटा होत्या. पण पासवर्ड टाकला तरी आता आत टिंग होत नव्हतं. मंगळवार गेला, बुधवार गेला. शुक्रवारपर्यंत ते घरात टीव्ही मोठ्यानं लावून बसू लागले.

शनिवारी सकाळी जुरोंग ईस्टच्या शाखेत मिस लिम नावाच्या तिशीतल्या मुलीसमोर ते ओळखपत्र घेऊन बसले. तिनं कार्ड पाहिलं, चेहरा पाहिला, अंगठा घेतला.

"कार्ड ओके, अंकल. बट सिस्टीमला तुमच्या गुप्त प्रश्नांची उत्तरं हवीत."

"कसले गुप्त प्रश्न?"

"तुम्हीच सेट केलेत, अंकल. दोन प्रश्न. सगळ्या मिळून तीन चुका झाल्या की खातं सील. मग पोलीस रिपोर्ट, नवं खातं, नवा मोबाइल नंबर."

नवा नंबर म्हटल्याबरोबर निशिकांतराव खुर्चीत पुढे सरकले. "हाच नंबर राहू दे," ते घाईनं म्हणाले. "माझाच आहे. दुसरा फोन." सोमवारी "माझा नाही" म्हणाले होते, त्याची नोंद मिस लिमच्या समोर होती. तिनं कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवला.

पहिला प्रश्न होता, तुमचं लाडकं नाव काय? त्यांची आई त्यांना निशू म्हणे. त्यांनी ते टाइप केलं. लाल फुली आली.

"अंकल," मिस लिमनं आवाज खाली आणला, "यू शुअर यू आर यू?"

प्रश्न अनघानं भरले होते, म्हणजे उत्तरंही तिचीच. तिनं त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. आजकालच्या मुली मारतात, पण ती शेवटपर्यंत जुन्या वळणाची. हॉस्पिटलातसुद्धा ती नर्सला म्हणाली होती, 'माय अहो इज आउटसाइड.' त्यांनी ती तीन इंग्रजी अक्षरं दाबली. हिरवी खूण आली.

"अहो?" मिस लिमनं वाचलं. "हू कॉल यू अहो?"

"बायको."

"मीनिंग व्हॉट?"

काय सांगणार? "मीनिंग," निशिकांतराव म्हणाले, "मी."

दुसरा प्रश्न मात्र सोपा होता, आवडता पदार्थ. लग्नानंतर अनघानं पहिल्यांदा स्वयंपाक केला तो शेपूच्या भाजीचा. निशिकांतरावांना शेपूचा वासही सहन होत नसे, पण नव्या नवरीचं मन कसं मोडायचं? "वा! अशी भाजी उभ्या जन्मात खाल्ली नाही," ते म्हणाले आणि त्या एका वाक्यानं जन्माचे अडकले. सिंगापूरला आल्यावर तर ती दर आठवड्याला बसनं तेक्का मार्केटला जाऊन शेपूची जुडी आणायची. दर शनिवारी रात्री शेपू. त्यांनी बिनधास्त 'शेपू' टाइप केलं.

लाल फुली.

"अंकल, लास्ट चान्स," मिस लिम म्हणाली. "नीट आठवा, हां. वन मोर राँग, आय काण्ट हेल्प यू लाह."

निशिकांतराव पडद्याकडे बघतच राहिले. शेपू नाही? मग तिनं काय लिहिलं असेल? पुरणपोळी? बोट 'पी'वर गेलं आणि थांबलं. अनघा उगाच काही लिहिणारी नव्हती. तिनं खरं तेच लिहिलं असणार.

आणि खरं सांगायचं, तर त्यांचा आवडता पदार्थ जगात फक्त त्यांना एकट्यालाच माहीत होता. घरात मांसमच्छी वर्ज्य, अनघाचा तर शनिवारी मारुतीचा उपास. दर शनिवारी दुपारी "लायब्ररीत जाऊन येतो" म्हणून निशिकांतराव निघायचे आणि ब्लॉकमागच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, एका कोपऱ्यात बसून चिकन राइस हाणायचे. वर तिखट लाल चटणी. मग दोन पेपरमिंट चघळायची, ओळखीचं कुणी दिसतंय का ते पाहायचं आणि साळसूदपणे घरी यायचं.

पेपरमिंट. ती डबी खिशात कोण ठेवायचं? संपली की दुसरी आपोआप यायची. त्यांनी कधी विकत घेतल्याचं त्यांना आठवेना. शनिवारचा शर्ट ती वेगळा भिजत घालायची, "कुठे डाग पाडता हो हे लाल?" म्हणायची आणि उत्तराची वाट न पाहता आत जायची.

त्यांनी एकेक अक्षर दाबत 'चिकन राइस' लिहिलं.

हिरवी खूण आली.

"वा, अंकल!" मिस लिमनं टाळी वाजवली. निशिकांतराव हसायला लागले. तिला माहीत होतं! सगळी वर्षं माहीत होतं आणि म्हणूनच दर शनिवारी, बरोबर शनिवारीच, शेपू. दुपारी चोरून खाऊन आलेला नवरा रात्री समोर बसून "वा, वा" करत शेपू गिळतोय आणि ही त्याला अजून वाढतेय! कसली बाई ही! असं फसवलं तिनं, आणि आता भांडायला तरी कुणाशी जायचं? हसता हसता त्यांचा चेहरा वाकडा झाला आणि ते बँकेच्या खुर्चीत बसून मोठ्यानं रडले.

मिस लिमनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तिनं पडद्यावरचा नंबर पाहिला, मग त्यांच्याकडे पाहिलं. "धिस नंबर, वाइफचा?"

त्यांनी मान डोलावली.

"ती येऊन सही करू शकेल?"

"नाही," निशिकांतराव म्हणाले. "जानेवारीपासून नाही."

मिस लिमनं टिश्यूचा डबा पुढे सरकवला. "रूल आहे, अंकल. गेलेल्या माणसाचा नंबर ठेवता येत नाही. कुणीही गैरफायदा घेतो." मग तिनं दुसऱ्या खिडकीकडे एक नजर टाकली. "बट आज खातं उघडून देते. नंबरचा फॉर्म तुम्ही मंडेला आणून द्या. मंडे ऑल्सो कॅन."

शाखेतून निशिकांतराव थेट तेक्का मार्केटला गेले. संध्याकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा शेपूची भाजी केली. डाळ कच्ची राहिली, मीठ जास्त पडलं. ताट घेऊन ते स्वयंपाकघरातच, मिक्सरसमोर स्टूलावर बसले आणि मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये त्यांनी पासवर्ड टाकला.

टिंग. फोन उजळला. अनघानं उन्हात डोळे बारीक केले.

"अगं," निशिकांतराव तिला म्हणाले, "मला शेपू आवडत नाही. कधीच आवडत नव्हती."

कोडची मुदत संपली तसा फोन विझला. त्यांनी दुसरा कोड मागवला नाही. ताटात अजून बरीच भाजी उरली होती. ती त्यांनी सगळी संपवली.