पंचेचाळीस हजार एकशे आठ निरंक

ज्या घरातून आवाज येत नाही ते घर सुखी, आणि ज्या अहवालात आकडा येत नाही तो तालुका सुखी, हे प्रशासनातले मूलभूत सत्य आहे. शहापूरच्या बाजारपेठेमागे, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आमचा 'बालहित दक्षता कक्ष' आहे. शहापूर-मुरबाडकडच्या शाळांत एखाद्या मुलाला मारहाण, चटके, उपासमार होत असल्याचा संशय आला, तर शिक्षकाने तो महिनाअखेरीस प्रपत्र 'ब' मध्ये आम्हाला कळवायचा. संशय दोन तारखेला आला तरी तीस तारखेपर्यंत तो नीट जपून ठेवायचा. (तोवर बरेचसे संशय आपोआप बरे होतात. वळही उतरतात.)

मी इथला संकलन लिपिक. दरमहा पाचशे सदतीस, याप्रमाणे सात वर्षांत पंचेचाळीस हजार एकशे आठ प्रपत्रे माझ्या हाताखालून गेली. सगळ्यांवर 'निरंक'. इतकी सुखी मुले स्वर्गात तरी असतील का, याची मला शंका आहे. काही दक्ष मुख्याध्यापक तर जूनमध्येच बाराही महिन्यांच्या निरंक प्रपत्रांवर सह्या करून गठ्ठा आणून देतात. अशा माणसांपुढे मला हात जोडावेसे वाटतात.

या लौकिकाला गालबोट लावले दर्शना मॅडमनी. राहणार आसनगाव, शाळा टोकावड्याच्या पुढच्या एका पाड्यावर. नोकरीत नवीन. त्यांनी जानेवारीच्या प्रपत्रात छापील 'निरंक' खोडून चक्क '१' लिहिले. शेरा असा: नाव सावळी, इयत्ता तिसरी. आईबाप वीटभट्टीवर गेलेले, मुलगी चुलत्याकडे. डाव्या हातावर उलथन्याचे पाच चटके, पैकी दोन ताजे. विचारल्यावर मुलगी म्हणाली, "पडले नाय, बाई. पण तुमी पडले असंच लिवा."

आठ वर्षांच्या मुलीला कार्यपद्धती कळते आणि डी.एड. झालेल्या बाईला कळत नाही, याचे मला वाईट वाटले. मी फोन लावला.

"मॅडम, त्या रकान्यात शब्द असतो. आकडा टाकला की आमचं शीट लाल होतं."

"अहो, तिचा हात लाल झालाय!"

"मग शेऱ्यात 'किरकोळ' लिवा की. कोण नाय बोलतंय?"

मॅडम ऐकेनात. तेव्हा नाइलाजाने त्रुटीपत्र काढावे लागले. चटक्यांची लांबी-रुंदी नमूद नाही. बालिकेचा लेखी अर्ज नाही. संशयिताचे ना-हरकत पत्र नाही. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही नाही. शेवटच्या दोन त्रुटी एकाच सहीत निघण्यासारख्या होत्या, कारण समितीचा अध्यक्ष मनोज हाच मुलीचा चुलता. (यात गैर काहीच नाही. मारहाणीची खात्रीशीर माहिती मारणाऱ्याइतकी कोणाला असणार?)

पत्राखाली रिवाजाप्रमाणे टाकले: 'प्रत, अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, यांना माहितीस्तव सविनय सादर.' आमची पत्रे एरवी पंधरा दिवस टेबलावर मुरतात. ही प्रत मात्र मी त्याच दुपारी एसटीच्या कंडक्टरकडे दिली. कामात दिरंगाई मला खपत नाही.

चौथ्या दिवशी दर्शना मॅडम अर्धी रजा टाकून कक्षात हजर. सावळी सोमवारपासून शाळेत नव्हती. कागदाला कागद जोडायचा म्हणून त्या इतके दिवस थांबल्या होत्या, वरिष्ठांनी तसेच बजावले होते. आता त्या बसल्यासुद्धा नाहीत. भिंतीवरचे आमचे कॅलेंडर त्यांनी खिळ्यावरून काढले. मागे मुलांच्या मदतीसाठीचे पोस्टर निघाले. भिंतीची ओल झाकायला ते आम्हीच लावले होते, आणि पोस्टर बरे दिसेना म्हणून वर कॅलेंडर. त्यावर चार आकडे होते: १०९८. मॅडमनी माझ्यासमोर फोन लावला. ना जावक क्रमांक, ना प्रत!

त्या फोनवरची माणसे संध्याकाळच्या आत पाड्यावर पोचली. घराला कुलूप होते. आमची प्रत त्यांच्या आधी पोचली होती.

आज तेवीस दिवस झाले. मुलगी सापडलेली नाही. चुलत्याचा फोन बंद आहे, आईबाप भट्टी सोडून पाड्यावर येऊन बसलेत. आई रोज शाळेच्या पायरीवर असते, असे मॅडमनी कळवले. त्यांनी मला अजून एक वाक्य लिहिले होते, ते मी इथे देत नाही. ते वाचून मला लाज वाटली. लाजेसाठी प्रपत्रात रकाना नाही.

फेब्रुवारीचे प्रपत्र त्या शाळेकडून वेळेत आले. परस्पर फोन केल्याच्या चौकशीपायी मॅडम सक्तीच्या रजेवर असल्याने ते मुख्याध्यापकांनीच भरले. चटके असलेली एकही मुलगी पटावर हजर नाही, सबब निरंक. शीट पुन्हा पांढरे झाले.

माझी स्तुती करू नका. एका लिपिकाच्या बळावर पंचेचाळीस हजार निरंक होत नसतात. कक्षाबाहेर असंख्य नागरिक हे काम बिनपगारी करतात. भिंतीपलीकडून पोर किंचाळले की ते टीव्हीचा आवाज वाढवतात, जिन्यात त्याचा बाप भेटला की "काय, बरं आहे ना?" विचारतात, आणि दुसऱ्यांच्या घरात आपण कशाला पडा, म्हणून दार लावून घेतात. आपल्याला आता एक विशिष्ट दार आठवले असेल. काळजी नसावी. आपलाही या महिन्याचा अहवाल आम्हाला पोचला आहे.

निरंक.