लादीला भोक मीच पाडणार

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बहरीनमध्ये बर्फाला भोक पाडून मासे पकडायला बसलेली पहिली मुलगी मीच. आमच्या बेटावर बर्फ दोनच ठिकाणी सापडतो, सरबताच्या ग्लासात आणि मासळीच्या टोपलीत. त्यामुळे दुसरं कुणी दावा सांगायला येणार नाही. आलंच तर त्याला माझ्याशी बोलावं लागेल आणि सध्या माझ्याशी बोलणं सोपं नाही. मी रागावलेली आहे. रविवारपासून. आज मंगळवार आहे.

मी रेबेका, दहावीत आहे, राहते हमद टाउनला. गेल्या महिन्यात शाळेची वादविवाद स्पर्धा जिंकले आणि तेव्हापासून मम्मी म्हणते, "हिच्या तोंडाला ब्रेकच राहिला नाही." खरं आहे. त्याआधी पंधरा वर्षं मी मागच्या बाकावर बसून नुसती मान हलवत होते. इतकं साठलेलं बोलणं कुठेतरी बाहेर पडणारच ना?

तर, अँड्र्यू अंकल. हे माझ्या डॅडींचे मोठे भाऊ, राहतात कॅनडात. तिकडे हिवाळ्यात तळी गोठतात. लोक तळ्यावर चालत जातात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यात गळ सोडून बसतात. भोक पाडायच्या हत्याराला ऑगर म्हणतात. कुणा राक्षसाने वाइनच्या बाटलीचं बूच काढायला करून घेतलेला स्क्रू असावा, तसं ते दिसतं. कमरेएवढं उंच, पिळाचं, खाली दोन पाती. वरची हाताने फिरवायची मूठ काढली की तिथे साधं कॉर्डलेस ड्रिल बसतं. अंकल हे वसईला घेऊन चालले होते, केळीसाठी खड्डे पाडायला! वाटेत दोन दिवस आमच्याकडे थांबले. पुढच्या विमानासाठी बॅग जड झाली, तेव्हा त्यांनी मेपल सिरपच्या सहा बाटल्या बॅगेत ठेवल्या आणि ऑगर माझ्या पलंगाखाली सारला. "पुढच्या वेळी नेतो," म्हणाले. गल्फमधल्या घरांत पलंगाखाली असंच पुढच्या वेळचं सामान राहत असतं.

ऑक्टोबरात शाळेची फेअर जाहीर झाली आणि मला एकदम सुचलं. लहान मुलांचा पोहण्याचा प्लास्टिकचा टब घ्यायचा, त्यात पाणी, पाण्यात लोखंडी नाकाचे खोटे मासे, वर बर्फाची अख्खी लादी तरंगत. सगळ्यांसमोर मी ड्रिल लावून लादीला भोक पाडणार. मग मुलांनी लोहचुंबकाचा गळ सोडून मासे काढायचे. तापमान पस्तीस आणि समोर कॅनडा!

आमच्या सुनंदा मिस फेअरच्या प्रमुख. मूळच्या साताऱ्याच्या. वर्गात इंग्रजी बोलतात, आणि रागावल्या की मराठी.

"ड्रिल? तू चालवणार?" त्या मराठीतच म्हणाल्या. "मनगट मुरगळेल. त्यापेक्षा मेंदीचा स्टॉल घे. दरवर्षी दहावीच्या मुलीच घेतात."

"मिस, मुलांना कुणी मेंदीचा स्टॉल देतं का?"

"मुलांना मेंदी येत नाही."

"मलापण येत नाही."

मी वादविवाद जिंकलेली आहे, पण मिस त्या स्पर्धेच्या परीक्षक होत्या. अर्धा तास झुंज झाली आणि शेवटी तह ठरला. शुक्रवारी पाचला गेट उघडणार. पाचच्या आत लादीला भोक पडलं, तर स्टॉल माझा. नाही पडलं, तर मेंदी. आणि मी असा डाव हरले तर उरलेलं वर्षभर वर्गात मला काय म्हणतील हे मला माहीत होतं.

शुक्रवारी साडेतीनला मैदानावर पोचले आणि माझं डोकंच फिरलं. माझ्या स्टॉलच्या लाकडी चौकटीवर आधीच फलक ठोकलेला होता. 'मेंदी'. खाली गुलाबी कोयऱ्या. म्हणजे मी हरणार हे धरूनच चालले होते हे लोक! मी डॅडींचं ड्रिल काढलं आणि फर्र फर्र चार स्क्रू उपसून फलक मातीत आडवा केला. इतकं समाधान मला ट्रॉफी घेतानाही झालं नव्हतं.

तेवढ्यात दत्तारामकाका पिकअप घेऊन आले. काका मालवणकडचे, मआमीरला राहतात, एसी दुरुस्तीचं काम करतात आणि डॅडींचे जुने मित्र. लादी त्यांनीच बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून आणली होती. ती टबात सोडली आणि ती ऐटीत तरंगू लागली. मी ड्रिलला ऑगर लावला, चक घट्ट केला, दोन्ही हातांनी उचलला, आणि...

"दे इकडे, बाळा," डॅडी म्हणाले आणि ड्रिल माझ्या हातातून गेलं.

माझे डॅडी, लान्सी, हॉटेलात बँक्वेटला आहेत. त्या दिवशी स्टेजवर हौजीचे नंबर पुकारायचे म्हणून क्रीम रंगाची इस्त्रीची पँट घालून आले होते. त्यांनी पाय फाकवून ड्रिलचा घोडा दाबला. ऑगर फिरला. लादीही फिरली. कॅनडात तळं जागेवर असतं, आमचं तळं टबात होतं! डॅडींनी जोर लावला तशी लादी गरगरली आणि तिच्याबरोबर डॅडीही टबाला प्रदक्षिणा घालू लागले. दोन फेऱ्या झाल्यावर ते थांबले. लादीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"डॅडी, मला द्या."

"थांब, थांब. ह्याला टेक्निक असतं."

"लान्सीभाऊ, हाडा हकडे," दत्तारामकाका म्हणाले. "तुमचा काम नाय ता. पंधरा वर्सा मी हीच ड्रिला चालवतंय."

"काका, ऑगर माझा आहे. स्टॉल माझा आहे."

"व्हय गे चेडवा. तू जरा बाजूक हो, पाणी उडात."

मी बाजूला झाले. ही चूक. आयुष्यात बाजूला व्हायचं नाही, हे मी त्या क्षणी ठरवलं.

काकांनी प्रयत्न केला. ऑगर बर्फावरून नुसता सरकत होता, तव्यावर लोणी फिरावं तसा. काकांनी पाती बघितली, अंगठा लावला, मान हलवली. "पात्याक धार नाय." लगेच दोघे पुरुष कानस शोधायला गेले. दहा मिनिटं धार काढली. पुन्हा लावलं. पुन्हा लोणी. "बॅटरी मफी," काकांनी गल्फच्या अरबीत जाहीर केलं, म्हणजे संपली. बॅटरी बदलली. आता लोणी दुप्पट वेगाने फिरू लागलं. मग डॅडी म्हणाले चीनचा माल. काका म्हणाले कॅनडाचो बर्फ नरम आसतलो, ह्यो गल्फचो बर्फ, कडक.

"बर्फ सगळीकडे बर्फच असतो," मी ओरडले. "मला द्या ते ड्रिल."

"राग बघ," डॅडी काकांना म्हणाले. "आईवर गेली आहे."

आई, म्हणजे मम्मी, नेमकी तेव्हाच हॉस्पिटलची शिफ्ट संपवून आली. नर्स असल्यामुळे ती कुठेही पोचली की आधी रुग्ण कोण ते बघते.

"लान्सी, तू असा घामाघूम का? आणि ह्या लादीला पकडत का नाही कुणी? पेशंट हलत असेल तर सुई कशी लागणार?"

हे दोघांना पटलं. एकाने लादी धरायची, एकाने ड्रिल. पण बर्फ हाताने किती वेळ धरणार? म्हणून माझे डॅडी, हौजीचे मानकरी, लादीवर गोणपाट टाकून वर बसले. क्रीम पँटसकट. काका समोरून ड्रिल दाबू लागले. लादी अर्धी बुडाली. एक मासा उसळून बाहेर पडला. डॅडींचा चेहरा हळूहळू बदलू लागला.

"काय होतंय?" मम्मीने विचारलं.

"काही कळत नाहीये," डॅडी म्हणाले. "खालचं काहीच कळत नाहीये."

पाचला दहा मिनिटं. सुनंदा मिस आल्या. एका हातात मेंदीचे कोन, दुसऱ्या हातावर घड्याळ. मातीतला फलक त्यांनी बघितला. लादीवरच्या डॅडींना बघितलं. ड्रिलकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग नुसतं म्हणाल्या, "चालू द्या."

त्या दोन शब्दांनी माझं टाळकं सटकलं. मी डॅडींना लादीवरून उठवलं, काकांच्या हातून ड्रिल ओढून घेतलं आणि बोलायला सुरुवात केली. पाऊण तास झाला, तुम्ही दोघं आलटून पालटून माझ्या हातातलं काढून घेताय! धार नाही, बॅटरी नाही, बर्फ वाईट, कॅनडा वाईट. एकदा तरी कुणी म्हणालं का, रेबेका, तू करून बघ? तुमचा मुलगा असता तर? असं बरंच. आजूबाजूच्या स्टॉलवाल्यांनी हातातली कामं थांबवली. मी इतकी छान बोलत होते की मलाच ऐकावंसं वाटत होतं.

बोलता बोलता अंगठा घोड्याच्या वरच्या बटनावर गेला. सरळ आणि उलटं फिरवायचं बटन.

ते उलट्यावर होतं.

चार स्क्रू. फर्र फर्र. मीच.

मी बोलणं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. "...आणि हा प्रश्न फक्त ड्रिलचा नाही," असं म्हणत मी अंगठ्याने हळूच बटन सरकवलं, एक पाय लादीवर रोवला आणि घोडा दाबला.

बर्फाचा भुगा कारंज्यासारखा उडाला. आठ सेकंदांत ऑगर लादीच्या पार गेला. तिथे थांबायला हवं होतं. पण मी रागात होते आणि धार नुकतीच काढलेली होती. ऑगर पाण्यातून गेला, एका माशातून गेला, टबाच्या तळातून गेला आणि मैदानाच्या मातीत रुतून बसला.

सगळीकडून टाळ्या.

"मानलं," डॅडी म्हणाले.

"हात बसलो हा पोरीचो," काका म्हणाले.

मी मान किंचित झुकवली. खरं सांगायची ती वेळ होती, पण टाळ्या चालू असताना मध्ये बोलणं बरं दिसत नाही.

पाचला गेट उघडलं तेव्हा टबातलं पाणी शेजारच्या पापडाच्या स्टॉलखाली गेलेलं होतं आणि मासे कोरड्यावर पडलेले होते. तरीही रांग लागली! मुलांना मासे नकोच होते. त्यांना त्या भोकात कोपरापर्यंत हात घालून किंचाळायचं होतं. तिकडे स्टेजवर डॅडी हौजीचे नंबर पुकारत होते. पूर्ण कार्यक्रमभर त्यांनी लोकांकडे पाठ केली नाही. जाताना आडवं आडवं चालत गेले, खेकड्यासारखे.

स्टॉल माझा झाला. डाव मी जिंकले. मग राग कसला, असं तुम्ही विचाराल. तो रविवारचा आहे.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळा उघडली आणि मिसने मला फेअरच्या चौकटीपाशी बोलावलं. "फलक तू काढलास, तूच लाव. पुढच्या वर्षी लागेल." मी ऐटीत ड्रिल काढलं. पहिला स्क्रू लावला. आत जाईना. दाबला. जाईना. नुसता गुळगुळीत फिरत होता. मिस घड्याळाकडे बघत होत्या.

"मिस, हे चीनचे स्क्रू आहेत," मी म्हणाले. "ह्यांना धार नाही."

मिस पुढे झाल्या. पदर खांद्यावर सारखा केला, एक बोट पुढे केलं आणि ड्रिलवरचं बटन टक् करून सरकवलं. ऑगर सोडवताना काकांनी ते पुन्हा उलट्यावर केलं होतं आणि मी बघितलं नव्हतं.

"माझ्या घरचे पडदे मीच लावते," त्या म्हणाल्या. "मनगटाचं उगाच नव्हते बोलले. गेल्या वर्षी माझं मुरगळलं होतं."

"मिस, म्हणजे शुक्रवारी तुम्हाला..."

"आल्या आल्या दिसलं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुझं भाषण चांगलं चाललं होतं," सुनंदा मिस म्हणाल्या. "तीन मार्क कापले असते फक्त. शेवट फार लांबवलास."