धोंडू नावाड्याचा चौदावा भाग

सोलापुरात तेव्हा टीव्ही दिसत नव्हता. विकत घेण्याची ऐपत असलेली माणसं होती, पण घेऊन त्यात बघायचं काय? पुण्यापर्यंत आलेलं चित्र आमच्या गावापर्यंत पोचतच नसे. तरीसुद्धा टीव्हीवरच्या एका कार्यक्रमावर अख्ख्या महाराष्ट्रातली सगळ्यांत कडक टीका आमच्या शुक्रवार पेठेत, एका बाइंडिंगच्या दुकानात होत असे. आणि ती करणाऱ्या माणसानं टीव्ही नावाची वस्तू जन्मात पाहिलेली नव्हती.

"कुत्र्याला दोन डोळे दाखवलेत म्हणं!" खळीनं भरलेला कुंचला माझ्या धुतल्या शर्टावर रोखून अप्पा ओरडायचे. "पुस्तकात तसं न्हाय की, मास्तर! काणा हाय त्यो!"

हे गुरुसिद्धप्पा मैंदर्गीकर. माझ्या दारासमोरच त्यांचं दुकान. मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणत आणि माझ्या मताला मान देत. हा मान मला पुढे फार महागात पडला, पण ते नंतर.

अप्पांची पहिली खोड म्हणजे ते पुस्तक वाचल्याशिवाय शिवत नसत. "वाचल्याबिगर पानं नीट लागली का न्हाय, कसं कळंल?" हे त्यांचं म्हणणं. त्यामुळे वाचनालयानं दिवाळीत दिलेली पुस्तकं शिमग्याला परत जायची, आणि एखाद्या कादंबरीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं 'शेवट चुकला आहे' असा शेराही असायचा. वाचनालयाचे चिटणीस येऊन भांडून गेले. अप्पांनी त्यांना शांतपणे बसवलं आणि शेवट कसा हवा होता ते सांगितलं.

दुसरी खोड याहून वाईट. जे पुस्तक बांधायला येई त्या विषयात अप्पा तज्ज्ञ होत. होमिओपॅथीचं एक जाडं पुस्तक आलं तेव्हा दोन महिने गल्लीत कुणाला शिंकायची सोय राहिली नव्हती. पुढे पाकशास्त्राचं आलं. माझ्या बायकोनं आपुलकीनं पुरणपोळी दिली, तर पहिला घास तोंडात असतानाच म्हणाले, "वैनी, पुस्तकात तसं न्हाय." त्यानंतर आमच्या घरून पुरणपोळी जायची बंद झाली.

पण ज्या पुस्तकांवर त्यांचा खरा जीव होता ती पोरांची होती. 'धोंडू नावाडी' नावाची एकोणीस छोटी पुस्तकं. नदीवर होडी चालवणारा धोंडू, त्याचा एका डोळ्यानं आंधळा कुत्रा काण्या आणि पलीकडच्या तीरावरून रोज होडीत बसून शाळेला येणारी सोनी. पोरं ती वाचून वाचून फाडत आणि दरवर्षी ती दुरुस्तीला अप्पांकडे येत. अप्पांचा एकुलता एक मुलगा विरू, विरूपाक्ष, अक्षरं शिकला तो या फाटक्या धोंडूवरच. बाप शिवायचा आणि पोरगा मांडीला मांडी लावून मोठ्यानं वाचायचा. एखादं पान गहाळ असलं की मधला मजकूर अप्पा तोंडानं सांगायचे.

हाच विरू पुढे पुण्याला एका कारखान्यात कारकून झाला आणि चार वर्षं सोलापूरला आला नाही. एक पत्रही नाही.

त्याचं कारण गल्लीला माहीत होतं. त्याची आई, गौरव्वाकाकू, तापानं आजारी पडली. आठ दिवस ताप उतरला नाही. अप्पांनी मुलाला तार केली नाही, साधं पत्र टाकलं. ते पत्र विरूच्या हातात पडलं त्याच्या आदल्या दिवशी काकू गेल्या होत्या. तो आला तेव्हा माती देऊन झाली होती. दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं एवढंच विचारलं, "तार करायला काय झालं होतं?" अप्पा गप्प राहिले. पोरगा पाणीसुद्धा न पिता स्टेशनवर गेला.

मग एके दिवशी पुण्याहून येणाऱ्या पेपरात अप्पांनी वाचलं, की धोंडू नावाडी टीव्हीवर येतोय. दर शनिवारी संध्याकाळी, तेरा भाग. त्यांनी हातातलं काम टाकलं आणि एक कार्ड लिहिलं. मायना नाही, आशीर्वाद नाही. 'धोंडू टीव्हीवर येणार असे वाचले. पाहून कळवणे.'

पुढच्या मंगळवारी निळं अंतर्देशीय पत्र आलं. त्यालाही मायना नव्हता. 'भाग पहिला' इथून सुरुवात आणि कागद संपला तिथं शेवट.

तेव्हापासून मंगळवार हा अप्पांचा सण झाला. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की ते चष्मा पुसायला घेत. पत्र आधी मनात वाचत, मग दुकानात जमलेल्यांना मोठ्यानं वाचून दाखवत, आणि मग त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. नदी म्हणजे रंगवलेला पडदा! होडी हलत नाही! सोनी पुस्तकात आठ वर्षांची, "आन् ही म्हणं लग्नाला आल्यागत दिसती!" धोंडूचा लाल पटका लाल दिसत नाही, यावर तर दोन आठवडे वाद चालला. टीव्हीत सगळंच काळं-पांढरं असतं, असं विरूनं कळवलं. अप्पांनी उलट लिहिलं, की मग पटका लाल आहे हे कुणीतरी तोंडानं सांगायला काय हरकत होती?

समोरचा चहावाला इस्माईल एकदा न राहवून म्हणाला, "अप्पा, तुम देखे क्या कभी टीव्ही?"

"देखनेका क्या जरूरत? पोरगा देखताय की!" अप्पा म्हणाले.

टीव्हीवाल्यांनाही दर आठवड्याला एक कार्ड जायचं. खाली सही, 'एक सोलापूरकर प्रेक्षक'. एकदा त्यांचं छापील उत्तर आलं. आपण आमचा कार्यक्रम आवडीने पाहता याबद्दल आभारी आहोत, वगैरे. अप्पा लाल झाले. "आवडीनं? ह्यांना कुणी सांगितलं आवडीनं म्हणून?"

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. पण एका मंगळवारी पत्र आलं नाही, बुधवारीही आलं नाही, आणि अप्पांनी एका वकिलाचं पुस्तक पुठ्ठ्यात उलटं चिकटवलं. तेव्हा माझं हसू गेलं. बापाला मुलाची खुशाली विचारता येत नव्हती आणि मुलाला कळवता येत नव्हती. त्या फालतू कार्यक्रमाच्या आडोशानं दोघांचं बोलणं चाललं होतं, आणि तो तेराच भागांचा होता.

नवव्या भागाच्या सुमारास मला पेपर तपासायला पुण्याला जावं लागलं. अप्पांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा दिला. "मी दिला म्हणू नका. मास्तरीणबाईंनी दिला म्हणा."

विरू तळमजल्यावरच्या एका खोलीत राहत होता. त्याच्याकडे टीव्ही नव्हताच. टीव्ही होता वरच्या मजल्यावर, घरमालकाकडे. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात आळीतली पोरं सतरंजीवर दाटीनं बसली होती. तिशीचा विरू दाराच्या चौकटीला टेकून उभा. त्याला आत या असं कुणी म्हणालं नाही. हातात छोटी वही आणि पेन्सिल. त्या दिवशी धोंडू लागलाच नाही. कुणी पुढारी आले होते, त्यांच्या स्वागताचा समारंभ दाखवला. हार संपेनात, तशी पोरं बोंबलत उठली आणि मालकांनी टीव्ही बंद केला.

विरू खाली आला, त्यानं अंतर्देशीय उघडलं आणि लिहिलं, 'भाग नववा'.

"अरे, पण झाला कुठं नववा भाग?"

"मंगळवारी पत्र पोचलं पायजे ना, मास्तर. न्हाय पोचलं तर काय वाचतील ते?" आणि त्यानं पानभर रचलं. काण्या भोवऱ्यात सापडतो, सोनी उडी घेते, असं काहीबाही.

"त्यापेक्षा तूच ये की एकदा," मी म्हणालो.

"बोलवलंय कुणी?" त्यानं पेन खाली ठेवलं. "सगळ्या जगाच्या चुका काढतात. आपलं चुकलं एवढं एकदा लिहावं त्यांनी. मी रात्रीच्या गाडीनं येतो."

मी डबा पुढे केला. त्यानं चटणी चिमटीत घेऊन जिभेवर ठेवली आणि ती कुणाची हे ओळखलं.

मंगळवारी मी परतलो तेव्हा दुकानात वाचन रंगात आलं होतं. अप्पांनी विरूचा नववा भाग खणखणीत आवाजात वाचला आणि त्यावर अकरा आक्षेप घेतले. लोक पांगल्यावर माझी नजर खळीच्या भांड्याखाली घडी करून ठेवलेल्या पेपरावर गेली. रविवारचा पुण्याचा पेपर. समारंभामुळे शनिवारी मुलांचा कार्यक्रम होऊ शकला नाही, या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती.

मी पाहिलं हे अप्पांनी पाहिलं.

"शनवारी धोंडू न्हवताच, मास्तर. वाचलंय मी."

"मग हे आक्षेप?"

"पोरानं येवढं लिवलंय," ते म्हणाले, "आक्षेप नको घ्यायला?" आणि चार पानी उत्तर लिहायला बसले.

तेरा भाग संपले. ज्या माणसानं तीन महिने त्या कार्यक्रमाच्या नावानं खडे फोडले, तोच आता अर्ज घेऊन दारोदार फिरू लागला. 'धोंडू नावाडी हा अत्युत्तम कार्यक्रम बंद करू नये. सोलापूरच्या प्रेक्षकांची कळकळीची विनंती.' ज्या गल्लीत माझ्याशिवाय कुणी टीव्ही पाहिला नव्हता तिथल्या घराघरातून सह्या झाल्या. इस्माईलनं चहाचा हात पुसून अंगठा उठवला. आजपर्यंत एवढा खोटा अर्ज मी पाहिला नाही, आणि इतक्या मनापासून कुठल्या अर्जावर सहीही केली नाही. टीव्हीवाल्यांकडून या वेळी छापील उत्तरसुद्धा आलं नाही.

चार मंगळवार कोरडे गेले. अप्पा पुस्तकं न वाचता शिवू लागले. कामं वेळेवर मिळू लागली आणि गिऱ्हाइकं खूश झाली. मला मात्र ते बघवेना.

पाचव्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. हातात लिहिलेलं अंतर्देशीय. "शुद्धलेखन बघा," म्हणाले. मी वाचलं.

'भाग चौदावा. हा टीव्हीवर नाही, पुस्तकातही नाही. धोंडूची बायको आजारी पडते. मुलगा पैलतीरी कामाला असतो. नदीला पूर असतो. हाक मारली तर मुलगा पाण्यात उडी घेईल, म्हणून धोंडू हाक मारीत नाही. पूर ओसरेपर्यंत बायको जाते. चूक धोंडूची आहे. दुसऱ्या कुणाची नाही. अभिप्राय कळवावा.'

शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या मला दुरुस्त करवल्या नाहीत. पत्र मीच पेटीत टाकून आलो, आणि तीन दिवसांत विरू दारात उभा राहील असं मला खात्रीनं वाटलं. त्याला हवं होतं ते मिळालं होतं.

विरू आला नाही. दहाव्या दिवशी पत्र आलं, दोन ओळींचं. 'भाग चौदावा मिळाला. मुलाला पोहता येत होतं. हाक मारायला पाहिजे होती.'

अप्पांनी ते माझ्या हातात दिलं. जन्मभर दुसऱ्याचं खोडून काढणारा तो माणूस म्हणाला, "बरोबर हाय त्याचं."

"अजून लिहा," मी म्हणालो. "सगळं लिहा. काय घडलं ते सगळं."

"काय ऱ्हायलंय त्यात? लिवलं की."

राहिलं होतं. आम्हा दोघांनाच माहीत होतं. काकूंच्या आजारपणात, सहाव्या दिवशी दुपारी, अप्पा दुकान बंद करून तार करायला निघाले होते. जाता जाता माझ्या दारात थांबले आणि म्हणाले, "तार करू का, मास्तर?" मी वामकुक्षीतून उठलो होतो. खाटेवर बसूनच मी त्यांना सांगितलं, पोराची नवी नोकरी आहे, तार मिळताच तो धावत येईल आणि नोकरी घालवून बसेल. तापच आहे, उतरेल. कार्ड टाका. मास्तरांचं मत म्हणून त्यांनी ते ऐकलं आणि कार्ड टाकलं.

धोंडूच्या शेजारी त्या दिवशी काठावर आणखी एक माणूस होता. अप्पांनी त्याला चौदाव्या भागातून गाळला. पायरीवर बसून मुलगा विचारत होता तेव्हाही गाळला होता, आणि त्यानंतरच्या चार वर्षांत एकदाही त्याचं नाव घेतलं नाही, माझ्याजवळसुद्धा.

विरूचा पुण्याचा पत्ता मला पाठ आहे. अजून मी त्याला काहीही कळवलेलं नाही.