पिठाच्या डब्यातल्या चपला

आमच्या सोसायटीच्या फळ्यावर लागणाऱ्या सूचना कोथरूडात सगळीकडे लागतात तशाच असतात. तुटक, खोचक आणि नाव न घेता कोणाला तरी उद्देशून. फक्त तळमजल्यावरच्या मेश्रामकाकांच्या सूचनेला शेपूट असतं. "जिन्यात सायकली ठेवू नयेत" एवढं लिहून शहाणा माणूस सही करून मोकळा होईल. मेश्रामकाका त्याखाली लिहिणार, "हे लिहून संपले. बोटे थंडीने आखडली आहेत, शाई बरी नव्हती, चुका पोटात घालाव्यात. वाचणाऱ्याने लिहिणाऱ्या पापी मेश्रामसाठी दोन चांगले शब्द बोलावेत." हे ऐन मे महिन्यात! त्याखाली कोणीतरी पेन्सिलीने उत्तर दिलं होतं, "आधी बोटं शेकून घ्या. सायकल हलणार नाही."

ते उत्तर माझं होतं. सायकलही माझीच होती. आता लाज वाटते, पण तेव्हा मी स्वतःवर फार खूश झाले होते.

हे शेपूट येतं कुठून, ते मला पुढे कळलं. सहाशे वर्षांपूर्वी चेक देशात हाताने पोथ्या उतरवून काढणारे लेखनिक शेवटच्या पानावर असं काहीबाही लिहीत. हात दुखला, खोलीत गारठा आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा. पंडित लोक पोथी वाचतात, मेश्रामकाका आधी शेवटचं पान उघडतात. "ग्रंथ मोठ्या माणसाचा असते जी," ते म्हणतात, "पण हात कोणाचा दुखला, ते इथं कळते."

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले. कारखान्याने चेक बनावटीची लेथ मशिनं घेतली आणि ती चालवायला शिकून या म्हणून यांना सहा महिने तिकडे धाडलं. जिथे राहत होते, तिथली घरमालकीण आजी रोज सकाळी एका जुन्या पुस्तकातून भजनं म्हणायची. काकांनी अर्थ विचारला. आजी म्हणाली, जुनी भाषा आहे, मलाही अर्धीच कळते.

"अर्धी कळून कसं चालेल? मशीन अर्धं कळलं तर हात जाते!" काका आजही चिडून सांगतात.

झालं. तिथून हा माणूस जो मागे मागे वाचत निघाला, तो बरोक काळातल्या भजनांवरून, म्हणजे तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून, थेट चौदाव्या शतकापर्यंत पोचला. नोकरी संपली, बायको गेली, वाचन काही थांबलं नाही. मी एकदा विचारलं, "काका, जगात एवढ्या भाषा, हीच का?" ते चष्मा पुसत म्हणाले, "माझ्या आजोबाच्या हाती कोणी पाटी येऊ दिली नाही, ताई. मले वाचू देऊन राहिले, तर मी कोणतंही वाचीन."

आता मी त्यांच्या घरात शिरले कशी, ते सांगते.

मी खराडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर होते. एका गुरुवारी कंपनीने मला गोड बोलून, पाण्याची बाटली पुढे करून, घरी पाठवलं. घरी आई. तिला बीपी, आणि "माझी रेवती मॅनेजर आहे" हे वाक्य बोलल्याशिवाय ती भाजीवाल्याकडून कोथिंबीरसुद्धा घेत नाही. तिला सांगायची माझी छातीच होईना. दुसरी नोकरी मिळेपर्यंत तिला कळू द्यायचं नाही, एवढंच ठरवलं आणि शुक्रवारी नेहमीसारखी नऊ वाजता लॅपटॉपची बॅग घेऊन निघाले. खाली आले आणि लक्षात आलं, जायचं कुठे, ते ठरवलेलंच नाही.

फळ्यावर मेश्रामकाकांची सूचना होती. वर्षानुवर्षं तिथेच होती, मी कधी धड वाचली नव्हती. "वर्ग. जुने चेक साहित्य, मध्ययुग ते बरोक. रोज सकाळी साडेनऊ. फी नाही. आधी काही येत असण्याची अट नाही." खाली शेपूट. मी बेल वाजवली.

काकांनी दार उघडलं. ऑफिस नाही का, आज इकडे कुठे, एक शब्द विचारला नाही. दारात काढलेल्या माझ्या चपलांकडे पाहिलं, त्या उचलल्या, स्वयंपाकघरात नेल्या आणि पिठाच्या मोठ्या रिकाम्या डब्यात ठेवून वर झाकण लावलं.

"अहो काका, हे काय?"

"आपल्याकडं अशीच पद्धत आहे जी. बसा. पाच मिनिटं लेट आहात."

माणूस वेडा आहे हे सोसायटीला माहीतच होतं. मी बसले.

आणि पाच महिने बसले! काकांचा वर्ग म्हणजे कारखानाच. हजेरीचं मस्टर, त्यात लाल शाईने वेळ. साडेबाराला कुकरची शिट्टी झाली की जेवणाची सुट्टी. कविता शिकवायची रीतही तीच. "आधी खोलायचं, पुसायचं, पेपरवर मांडून ठेवायचं, मग जोडायचं." एकेक शब्द सुटा करून ते टेबलावर चिठ्ठ्या मांडत आणि मी चुकले की म्हणत, "राहू द्या, थोडं तेल घालू, चालेल." मी स्वभावाने तिरसट. पहिल्या आठवड्यात म्हटलं, "काका, हे शिकून मला काय मिळणार?" ते शांतपणे म्हणाले, "साडेबाराला भात."

जेवणानंतर मी त्यांच्या हॉलमध्ये बसून अर्ज करायची, आतल्या खोलीत जाऊन मुलाखती द्यायची आणि साडेसहाला दमल्याचं नाटक करत चौथ्या मजल्यावर जायची. नाटकाची फार गरज नसे. एकामागून एक नकार येत होते. नकार आला की मी दार आपटून बाहेर यायची आणि काका न विचारता चहा टाकायचे. त्या चहाचे उपकार माझ्याने फिटायचे नाहीत.

एकदा मात्र पकडलेच जाणार होते. आम्ही एका संताच्या गोष्टीचे पंधरा-वीस शब्द सुटे करून बसलो होतो आणि दाराबाहेर आईचा आवाज! हातात वाटी घेऊन साबुदाण्याची खिचडी द्यायला आली होती. मी टेबलाखाली जायच्या तयारीत. काका मला डोळ्यांनी बस म्हणाले आणि दार चार बोटं उघडलं.

"कोण आहे हो आत?" आईची नजर नेहमीप्रमाणे दाराच्या आधी उंबऱ्यावर गेली असणार. तिथे फक्त काकांच्या झिजलेल्या चपला.

"विद्यार्थी आहे जी. तास चालू आहे. तासाला बाहेरच्या माणसाले येऊ देत नाही."

एक अक्षर खोटं नाही! संध्याकाळी आई मला सांगत होती, "त्या मेश्रामांना शेवटी कोणीतरी बिनडोक सापडलं बाई शिकायला." मी म्हटलं, "असेल कोणीतरी रिकामटेकडं."

चौथ्या महिन्यात आम्ही बरोकपर्यंत आलो. काकांनी सांगितलं, त्या काळी तिकडे राज्यकर्त्यांना नको असलेली धर्माची पुस्तकं घरात सापडली तर माणसाची धडगत नसे. मग बायका काय करत? शिपाई दारात आले की पुस्तक कणकेच्या गोळ्यात घालत आणि पाव म्हणून भट्टीत सारत. पाव शेकून निघे, पुस्तक आत सुखरूप.

मी ऐकता ऐकता थांबले. स्वयंपाकघरातला तो डबा दिसत होता.

"काका, माझ्या चपला..."

काका चिठ्ठ्या नीट लावत बसले. "पहिल्या दिवशी तुम्ही गेटपर्यंत तीनदा जाऊन परत आल्या. मी खिडकीत होतो. ड्युटीवर जाणारा माणूस एकदाच जाते, ताई. तुमच्या आईचं नेहमी खाली येणं-जाणं. म्हटलं, चपला तर ओळखतील."

मला रडू आलं. चांगलं भरभरून आलं. काकांनी टेबलावरच्या चिठ्ठ्या तेवढ्या भिजू नयेत म्हणून बाजूला सरकवल्या.

पाचव्या महिन्यात नोकरी लागली. मुलाखतीत विचारलं, मधले महिने काय केलंत? लपवायचा कंटाळा आला होता. खरं ते सांगून टाकलं. समोरचा माणूस मोठ्याने हसला आणि म्हणाला, वाचून दाखवा बघू एखादी ओळ. दाखवली. त्याच्यामुळे नोकरी लागली असं मी म्हणत नाही, पण पाच महिन्यांतल्या सगळ्या मुलाखतींत माझ्याशी हसून बोललेला तो पहिलाच होता. मग आईलाही सगळं सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "त्यांना जेवायला बोलाव. आणि तो बिनडोक शब्द मी मागे घेते."

काका जेवून गेले. नंतर नव्या नोकरीच्या गडबडीत मला खाली डोकवायला सवड झाली नाही. दीड महिना! जाता-येता खिडकीत हात हलवायची, तेवढंच.

एका शनिवारी गेले. चपला दारात काढल्या. काका चहा टाकायला आत गेले आणि मी टेबलावरचं मस्टर सहज उघडलं. माझ्या आधीची पानं मी कधी पाहिली नव्हती. रोजची तारीख, आणि पुढे लाल शाईत, "उपस्थित: कोणी नाही. वर्ग घेतला." पान उलटलं. "कोणी नाही. वर्ग घेतला." कपाटात अशी अकरा मस्टरं होती. अकरा वर्षं हा माणूस रोज साडेनऊला रिकाम्या खुर्चीला शिकवत होता. पुढे माझे पाच महिने, लेटच्या मिनिटांसकट. आणि मी गेल्यापासून रोज, माझ्या नावापुढे, "रजा. रजा. रजा."

काका कप घेऊन आले. मी मस्टर मिटलं नाही.

"गैरहजर का नाही लिहिलंत?"

"गैरहजर म्हणजे न सांगता गेलेला," ते कपाकडे बघत म्हणाले. "तुम्ही सांगून गेल्या. फक्त रजेचा अर्ज यायचा राहिला."

मी तिथेच कागद मागून घेतला आणि अर्ज लिहिला. दर शनिवारी हजर राहीन, बाकी दिवस रजा मिळावी. खाली शेपूटही लावलं, "हे लिहून संपले. लिहिणारी तिरसट आहे, पण या घरात तिला कोणी काही न विचारता पाच महिने भात मिळाला. वाचणाऱ्याने तिचे नाव कमी करू नये." काकांनी अर्ज दोनदा वाचला, मंजूर लिहून सही केली आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसत होते.

निघायला उठले तर दारात चपला नाहीत. मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडला. आत माझ्या चपला.

"काका, आता कोणापासून लपवायचंय? आईला सगळं माहीत आहे."

"लपवल्या नाही जी," काका हळूच म्हणाले. "चपला डोळ्यांपुढं असल्या की माणसाले निघायचं सुचते."

मी डब्याचं झाकण पुन्हा लावलं आणि कुकरमध्ये दोघांपुरता तांदूळ टाकला.